मशागत आणि राखण

(आपल्या कार्याच्या हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण. छपाईसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



सकाळपासून आपण वसतिगृहाचा, दवाखान्याचा आणि शिवणवर्गाचा अहवाल ऐकला. मला दिलेला विषय आहे 'ख्रिस्ती विचार आणि सृष्टी'. आदिवासी बांधवांच्या सेवेशी याचा काय संबंध, असे कोणाला वाटले तर नवल नाही. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. मग एका आजींनी मला एक प्रश्न विचारला.

पुष्कळ वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर आम्ही प्रार्थनाघर बांधत होतो. जागा एका विश्वासी कुटुंबाने दिली होती. जागेच्या मधोमध मोहाचे जुने झाड होते. पाया सरळ यावा म्हणून ते तोडायचे ठरले. झाडाझुडपांची भीती लोकांच्या मनातून यामुळे जाईल, असेही आमच्यातले काही जण म्हणाले. मी तिथे हजर होतो आणि मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातल्या आजी उरलेल्या बुंध्यापाशी येऊन बसल्या. दर वर्षी फाल्गुन-चैत्रात पहाटे त्या झाडाखालची फुले वेचून त्यांनी आपली मुले वाढवली होती. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बाबा, तुमच्या देवाला सावली लागत नाही का?"

मला उत्तर सुचले नाही. ते शोधायला मी पवित्र शास्त्राकडे आणि मंडळीच्या इतिहासाकडे गेलो. जे सापडले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

एक शब्द, दोन ठिकाणी

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने मानवाला पृथ्वीवर सत्ता दिली, हे आपण सर्व जाणतो. पण दुसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात देवाने मानवाला बागेत कशासाठी ठेवले तेही सांगितले आहे. आपल्या मराठी शास्त्रात त्यासाठी दोन सुरेख शब्द आले आहेत : मशागत आणि राखण. मूळ इब्री भाषेतला पहिला शब्द 'आवाद'. त्याचा अर्थ राबणे, सेवा करणे. दुसरा शब्द 'शामार', म्हणजे राखणे, सांभाळणे. हेच दोन शब्द पुढे गणनाच्या पुस्तकात लेव्यांच्या निवासमंडपातील सेवेसाठी वापरले आहेत. म्हणजे बागेतले काम हे मंदिरातल्या सेवेसारखेच पवित्र आहे.

यापुढची गोष्ट माझ्या मनाला फार लागली. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइन भावाचा खून करतो. देव त्याला विचारतो, हाबेल कुठे आहे? काइन उलट विचारतो, मी काय भावाचा राखणदार आहे? तिथे आलेला 'राखणदार' हा शब्द त्याच 'शामार'पासून आलेला आहे. बागेची राखण आणि भावाची राखण यांसाठी शास्त्रात शब्द एकच आहे. ज्याने भावाची राखण नाकारली, त्याला जमीनही पीक देईनाशी झाली, हे त्याच अध्यायात पुढे लिहिले आहे.

आणि सत्तेचे काय? सत्ता चालवण्यासाठी पहिल्या अध्यायात जो इब्री शब्द आहे, तोच यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात येतो. तिथे देव इस्राएलाच्या मेंढपाळांना दोष देतो, की तुम्ही कळपावर कठोरपणे सत्ता गाजवलीत. म्हणजे सत्ता दिली हे खरे, पण ती कशी चालवली याचा हिशेब द्यायचा आहे. मोशेच्या नियमशास्त्रात तो हिशेब बारीकसारीक सांगितला आहे. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा. कापणी करताना शेताच्या कडा गरिबांसाठी सोडाव्या. वेढा घातलेल्या नगराभोवतीची फळझाडेसुद्धा तोडू नयेत. आणि लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात देव स्पष्ट सांगतो की जमीन त्याची आहे, आपण त्याच्याकडे राहणारे उपरे आहोत.

मंडळीच्या पहिल्या शतकांत

दुसऱ्या शतकात मार्सियन नावाचा एक शिक्षक रोमच्या मंडळीत आला. हे जग घडवणारा देव निराळा आणि हलका, येशूचा पिता निराळा आणि श्रेष्ठ, असे तो शिकवू लागला. माती, शरीर, झाडे, जनावरे यांना त्याच्या शिकवणीत मोल नव्हते. मंडळीने त्याला इ. स. १४४ मध्ये बाहेर काढले. पुढे लियोनचे बिशप इरेनियस यांनी या प्रकारच्या शिकवणींना सविस्तर उत्तर लिहिले. त्यांचे म्हणणे साधे होते. ज्याने सृष्टी निर्माण केली त्यानेच आपल्याला तारले. प्रभुभोजनातली भाकर आणि द्राक्षारस याच मातीतून येतात. माती तुच्छ असती, तर प्रभूने त्या हातात घेतल्या असत्या का?

चौथ्या शतकात कप्पदुकियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, कैसरिया येथे बासिल होऊन गेले. देवाच्या सहा दिवसांच्या कामावर त्यांनी नऊ प्रवचने केली. त्यात मासे, पक्षी, मधमाश्या, गवत, द्राक्षवेल सारे काही आहे. ऐकायला कोण होते? बासिल स्वतःच एका प्रवचनात म्हणतात की समोर हातावर पोट असलेले कारागीर बसले आहेत, त्यांचा रोज बुडू नये म्हणून मला आटोपते घेतले पाहिजे. सृष्टीचे कौतुक हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे लक्षात ठेवावे.

हेच बासिल बिशप होण्यापूर्वी, इ. स. ३६८ च्या सुमारास, कप्पदुकियात भयंकर दुष्काळ पडला. व्यापाऱ्यांनी धान्य दाबून ठेवले. कोठारे पाडून मोठी बांधणाऱ्या धनवानाच्या दाखल्यावर बासिलांनी उपदेश केला आणि श्रीमंतांना सांगितले की तुमच्याकडे पडून राहिलेली भाकर भुकेल्याची आहे. त्यांनी कोठारे उघडायला लावली आणि स्वतः भुकेल्यांना वाढले. पुढे शहराबाहेर गरीब, आजारी आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी मोठे सेवागृह उभारले. आपल्या दवाखान्यांची आणि वसतिगृहांची ही पणजी म्हणायला हरकत नाही. मुद्दा असा, की ज्या मुखाने मधमाशीबद्दल देवाची स्तुती केली त्याच मुखाने धान्य साठवणाऱ्याचा कान धरला. बासिलांच्या दृष्टीने ते दोन विषय नव्हते.

कुऱ्हाड आणि डहाळ्यांचे मांडव

आता आपल्या कामाला अगदी जवळचा प्रश्न. झाडांना पूज्य मानणाऱ्या लोकांमध्ये सुवार्ता गेली तेव्हा मंडळीने काय केले?

साधारण इ. स. ७२३ मध्ये बोनिफास या मिशनऱ्याने आजच्या जर्मनीत गाइस्मार येथे डोनार देवाचा मोठा ओक वृक्ष लोकांसमोर तोडला. ते पाहून लोकांनी विश्वास ठेवला, असे त्याच्या चरित्रात लिहिले आहे. त्या लाकडातून त्याने प्रार्थनाघर बांधले. बोनिफास धैर्यवान होता आणि शेवटी त्याने सुवार्तेसाठी प्राण दिले. त्याला लहान करण्याचा माझा हेतू नाही. पण मिशनकथांतून ती कुऱ्हाड आपल्या मनात फार खोल बसली.

तिच्याआधी सव्वाशे वर्षे वेगळा सल्ला दिला गेला होता, तो मात्र आपण विसरलो. इ. स. ६०१ मध्ये रोमचे पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मिशनऱ्यांसाठी पत्र लिहिले. मूर्ती काढा, पण लोकांची मंदिरे पाडू नका, ती खऱ्या देवाच्या उपासनेसाठी वापरा, आणि सणाच्या दिवशी लोकांना मंदिराभोवती झाडांच्या डहाळ्यांचे मांडव घालून आनंद करू द्या, असा त्याचा आशय आहे. डहाळ्यांचा मांडव म्हटल्यावर आपल्या पाड्यांवरचे लग्न कोणाच्या डोळ्यांसमोर येणार नाही?

फ्रान्सिस आणि कॅल्विन

असिसीच्या फ्रान्सिसचे नाव सर्वांना ठाऊक आहे. १२२५ च्या सुमारास, डोळे जवळजवळ गेलेले आणि शरीर आजाराने पिंजलेले असताना, त्याने लॅटिनमध्ये न लिहिता आपल्या प्रांताच्या बोलीत सृष्टीचे गीत रचले. सूर्य, चंद्र, वारा, पाणी यांना त्याने भाऊ-बहीण म्हटले. पण त्याच्या जुन्या चरित्रातली एक छोटी नोंद मला त्याहून मोलाची वाटते. लाकूड तोडणाऱ्या बंधूंना तो सांगे की झाड पूर्ण तोडू नका, त्याला पुन्हा फुटायची आशा राहू द्या. आणि माळ्याला सांगे की बागेच्या कडा न खणता सोड, तिथे रानगवत आणि फुले वाढू देत.

राबासाठी फांद्या छाटताना बुंधा आणि शेंडा राखणारा आपला आदिवासी शेतकरी हे ऐकून हसेल. त्याला हे कोणी शिकवावे लागत नाही.

आपल्यापैकी बरेच जण सुधारणावादी परंपरेतले आहेत, म्हणून जॉन कॅल्विनचेही सांगतो. १५५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्पत्तीवरील भाष्यात याच पंधराव्या वचनावर ते लिहितात की शेताच्या मालकाने वर्षाचे पीक अवश्य घ्यावे, पण हयगयीने जमीन झिजू देऊ नये. मिळाली तशी, किंबहुना अधिक चांगली करून ती पुढच्यांच्या हाती द्यावी. जे काही आपल्याजवळ आहे त्याचे आपण फक्त कारभारी आहोत.

राखण मागे पडली

मग बिघडले कुठे? सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये फ्रान्सिस बेकन यांनी १६२० च्या आपल्या ग्रंथात लिहिले की पतनामुळे मानवाने निष्पापपणा गमावला आणि सृष्टीवरची सत्ताही गमावली. पहिली हानी विश्वासाने भरून निघेल, दुसरी विज्ञानाने. त्या विचाराला चांगली फळेही आली. आपल्या दवाखान्यातले औषध हे त्यांपैकीच एक. पण सत्तेचा शब्द मोठा होत गेला आणि राखणीचा बारीक. १६८९ मध्ये जॉन लॉक यांनी मांडले की पृथ्वी सत्तेखाली आणण्याची देवाची आज्ञा आहे, म्हणून जो जमीन कसतो तिच्यावर त्याचा हक्क, आणि निसर्गावर सोडलेली जमीन म्हणजे पडीक. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी घेणाऱ्यांना हा विचार फार सोयीचा पडला. ज्यावर नांगराचे तास दिसत नाही ते रान कोणाचेच नाही!

आपल्या देशात ब्रिटिश सरकारने १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव केली. शब्द पाहा : राखीव. जंगल राखीव झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याची राखण करणारा माणूस त्याच जंगलात चोर ठरला. त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या हातात आपलेच शास्त्र होते. त्यात नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्टही होती. वाडवडिलांची जमीन विकणार नाही म्हणणाऱ्या नाबोथाची बाजू देवाने घेतली, राजा अहाबाची नाही. पण ते पान फारसे उघडले गेले नाही.

त्याच काळातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये छापणारे विल्यम कॅरी आपल्याला भाषांतरकार म्हणून ठाऊक आहेत. तेच कॅरी श्रीरामपूरला मोठी बाग राखत, १८२० मध्ये त्यांनी शेती व बागायतीला वाहिलेली संस्था स्थापन केली, आणि भारतातल्या वनस्पतींवरचा रॉक्सबर्ग यांचा ग्रंथ संपादून छापला. रॉक्सबर्ग यांनी एका वृक्षप्रजातीला कॅरींचे नाव दिले आहे. तो वृक्ष आपल्या डोंगरात आहे. आपण त्याला कुंभा म्हणतो. आपल्या पाड्यांवर कुंभा पाहिलात की आठवा, आपल्या वडीलधाऱ्या मिशनऱ्याचे नाव एका रानझाडाने धारण केले आहे. आणि आपले रेव्हरंड नारायण वामन टिळक? 'वनवासी फूल' लिहिणाऱ्या या ख्रिस्तभक्ताला महाराष्ट्र फुलामुलांचा कवी म्हणून ओळखतो. हा वारसा आपलाच आहे.

पुन्हा आठवण

१९६१ मध्ये जागतिक मंडळी परिषदेचे तिसरे अधिवेशन नवी दिल्लीत भरले. तिथे जोसेफ सिटलर या ल्यूथरन विद्वानाने कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावर भाषण केले. ख्रिस्ताने केवळ माणसांचा नव्हे तर सर्व गोष्टींचा देवाशी समेट केला, मग आपण तारणातून सृष्टीला का वगळतो, असा त्यांचा सवाल होता. त्या वेळी फार थोड्यांनी तो मनावर घेतला. सहा वर्षांनी, १९६७ मध्ये, लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने थेट आरोप केला की निसर्गाच्या नाशाचे मोठे ओझे पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर आहे. व्हाइट स्वतः ख्रिस्ती होते आणि उपाय म्हणून त्यांनी फ्रान्सिसकडेच बोट दाखवले. आरोप पुरता खरा नाही, हे आपण आतापर्यंत पाहिले. पण पुरता खोटाही नाही.

तेव्हापासून मंडळ्या जाग्या होत आहेत. १९८९ मध्ये ऑर्थोडॉक्स मंडळीचे कुलगुरू दिमित्रियोस यांनी १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरवला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या काळजीवर परिपत्र लिहिले. धरणीचे रडणे आणि गरिबाचे रडणे एकत्र ऐकावे, असा त्याचा गाभा आहे. आदिवासी समाजांशी आधी बोलावे, त्यांच्यासाठी जमीन ही विकायची वस्तू नाही, असेही त्यात आवर्जून म्हटले आहे. बासिलांनी जे एकत्र ठेवले होते, ते सोळाशे वर्षांनी पुन्हा एकत्र आले.

आजींना उत्तर

आता त्या आजींकडे येतो. तुमच्या देवाला सावली लागत नाही का?

इथियोपियाच्या उत्तर भागात, दक्षिण गोंदर प्रदेशात, मी दाखवू शकेन असे उत्तर उभे आहे. तिथल्या ऑर्थोडॉक्स मंडळीची श्रद्धा अशी, की देवाचे घर झाडांच्या मध्ये असावे, कारण पहिली बागही तशीच होती. शतकानुशतके प्रत्येक देवळाभोवतीचे रान त्यांनी राखले. आज आजूबाजूचे डोंगर शेतीने आणि गुरांनी उघडे पडले आहेत आणि मधून मधून गोल हिरवे ठिपके उरले आहेत. प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी एक देऊळ. त्या एका प्रदेशात अशी हजारांहून अधिक राने आहेत. गुरे आत शिरू नयेत म्हणून गावकरी शेतातले दगड वेचून भोवती गडगे घालत आहेत. आपल्या भाषेत सांगायचे तर ती ख्रिस्ती देवराई आहे. तिथे कोणी झाडाची पूजा करत नाही. तरी झाडाला कुऱ्हाड लागत नाही.

आमचे काय चुकले ते मला तिथे कळले. झाडात देव नाही, हे आम्ही लोकांना सांगितले. ते खरे आहे आणि त्यामुळे पुष्कळांची भीती गेली. पण वाक्य आम्ही अर्धेच सांगितले. झाड देवाचे आहे, हे सांगायचे राहून गेले. भीती गेली आणि तिच्या जागी आदर पेरला नाही, तर मग ठेकेदाराचे काम सोपे होते.

म्हणून तीन विनंत्या करतो.

पहिली. आपल्या प्रत्येक प्रार्थनाघराभोवती आणि वसतिगृहाभोवती स्थानिक झाडे लावावीत : मोह, कुंभा, हिरडा, आवळा. कोणती झाडे, कुठे, हे पाड्यावरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे. बांधकाम आले तर आराखडा वळवावा, झाड तोडू नये.

दुसरी. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकातच वनवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. पण अनेक कुटुंबांचे दावे कागदपत्रांपाशी अडतात. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून धरता येतो, हे पुष्कळांना माहीत नसते. तो जबाब नीट लिहून देणारे हात आपल्या वसतिगृहांनीच तयार केले आहेत. आपल्यात निवृत्त शिक्षक, तलाठी, वकील आहेत. वर्षातले चार दिवस त्यांनी या कामाला द्यावेत. बागेची राखण आणि भावाची राखण एकाच टेबलावर होईल.

तिसरी. कापणीच्या सणाला आपण वेदीपुढे भाजी, धान्य, फळे आणतो. पाड्यावरच्या बहिणींना नागली, वरई आणि रानभाज्या आणायला सांगा, आणि त्या कुठून आल्या ते त्यांच्याच तोंडून ऐका. त्या दिवशी त्यांनी शिकवावे, आपण शिकावे.

त्या पाड्यावर आम्ही पुढे मोहाची पाच रोपे लावली. मोह सावकाश वाढतो, फुले यायला बरीच वर्षे लागतात. आजी ती पाहायला राहिल्या नाहीत. त्यांच्या नातीने मात्र उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून ती जगवली. दोन गेली, तीन उभी आहेत. मागच्या भेटीत मी त्यांतल्या एकाच्या सावलीत बसून प्रार्थना केली. देवाला सावली लागते की नाही, हे मी सांगू शकत नाही. त्याच्या लेकरांना लागते, आणि आम्ही ती तोडली होती, एवढे कबूल करतो.

जाता जाता एक. गणनाच्या सहाव्या अध्यायात याजकाने लोकांना द्यायचा आशीर्वाद आहे. दर रविवारी आपण तो ऐकतो. त्यात परमेश्वर आपले रक्षण करो असे जे मागणे आहे, त्यासाठीही मूळ शब्द 'शामार' हाच आहे. परमेश्वर आपली राखण करतो. त्याने आपल्या हाती सोपवलेल्या जमिनीची आणि तिच्यावर राहणाऱ्या भावंडांची राखण करायला तो आपल्याला बळ देवो.

आमेन.